ब्राउनीला सहा पिल्लं झालीत, एक दूध ओढत नाहीये, काय करू?

तुम्ही लिहिलंय ते असं, की कासारवडवलीला सोळाव्या मजल्यावर राहता, ब्राउनी म्हणजे स्पिट्झ आणि गावठीचं मिक्स, वजन ११ किलो, पहिलटकरीण, परवा पहाटे व्याली, सहा पिल्लं, त्यातली पाच दणकट आणि एक एवढंसं, ते लुचत नाही, नुसतं कुईकुई करत बाजूला सरकतं. काल रात्री त्याला ड्रॉपरने गाईचं दूध द्यायला गेलात तर नाकातून आलं. ब्राउनी मधेच उठून बाल्कनीच्या दाराशी थंड फरशीवर जाऊन धापा टाकत पडते, खालून हिरवट काळं जातंय, सासूबाईंनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळून ठेवलेत, एसी लावायचा की नाही यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात, आणि शेवटी जाता जाता एक वाक्य, की गाभण असताना पूर्ण दोन महिने कॅल्शियमचं सिरप चालू होतं.

मी ठाण्यात बावीस वर्षं कुत्र्यामांजरांची डॉक्टर आहे आणि खरं सांगते, तुम्ही शेवटी टाकलेलं ते कॅल्शियमचं वाक्य वाचून मला जास्त धडकी भरली, पण त्याला अजून काही दिवस हातात आहेत. त्या एवढ्याशा पिल्लाला नाहीयेत. त्यामुळे आधी ते.

ड्रॉपर उचलून कपाटात ठेवा. आत्ता लगेच. आता तुमची करंगळी स्वच्छ धुवून पुसून त्या पिल्लाच्या तोंडात घाला. तोंड आतून गार लागतंय का? बाकीच्या पाचातल्या एकाच्या तोंडात घालून बघा म्हणजे फरक कळेल. गार लागत असेल तर दुधाचा एक थेंबही द्यायचा नाही.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचेल. नव्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आपल्याला गारठलं की कुडकुडायला होतं, पिल्लांना ते कुडकुडणंसुद्धा पहिला जवळजवळ आठवडाभर जमत नाही. मोठ्या कुत्र्याचं टेंपरेचर १०१ ते १०२ फॅरनहाइट, पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ९५ ते ९८ च्या आसपास, आणि ते ९४ च्या खाली उतरलं की आतडी काम करायची थांबतात. मग पोटात गेलेलं दूध तसंच पडून राहतं, पोट फुगतं, गिळायची ताकद नसते म्हणून अर्धं फुप्फुसात जातं. लोकांना वाटतं पिल्लू पीत नाही म्हणून गार पडलं. बहुतेक वेळा उलटं असतं, गार पडलंय म्हणून पीत नाही. आणि आईलाही ते कळतं बरं का, गार पडलेल्या पिल्लाला ती नाकाने बाजूला सारते, मग घरातले म्हणतात आईने टाकलं याला.

हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी डिग्री घेऊन सहा महिने झाले असतील, आमच्या वर्तकनगरच्या घरात आमचीच कुत्री व्याली, पाऊस धो धो, लाइट गेलेली, आणि पहाटे तीनला एक पिल्लू गार लागलं तर मी काय केलं, सिरिंज घेतली आणि दूध दिलं. वाटलं पोटात काहीतरी गेलं की तरतरी येईल. सहा वाजता ते गेलं. तोंडातून नाकातून माझंच दूध बाहेर आलं. हातात काहीतरी करत राहावंसं वाटतं ना तेव्हा आपण पाजायला जातो, डॉक्टर असलो तरी.

तर ऊब द्यायची कशी, तर हळूहळू. पिल्लू कोरड्या मऊ कपड्यात गुंडाळून टीशर्टच्या आत छातीशी धरा, तोंड नाक मोकळं, वरून ओढणी, आणि बसून राहा, एक तास, दोन तास, जेवढा लागेल तेवढा. दर दहा-पंधरा मिनिटांनी कूस बदला. कोणाला तरी करंगळीचा टेस्ट करायला सांगा अधूनमधून. हेअर ड्रायर मारायचा नाही, गरम पाण्यात बुडवायचं नाही, शेकायची पिशवी थेट अंगाला लावायची नाही, त्यांची कातडी इतकी पातळ असते की आपल्याला कोमट वाटतं त्याने पण भाजतं, आणि झपकन तापवलेलं पिल्लू शॉकमध्ये जाऊ शकतं. तोंड आतून गरम लागायला लागलं आणि करंगळी जरा तरी ओढायला लागलं की ग्लुकोज पावडर कोमट पाण्यात कालवून बोट बुडवून हिरड्यांवर चोळा, चोळायचंच फक्त, ओतायचं नाही. आणि मग आईला लावा.

आईला लावताना मागच्या सडांना लावा, पाठच्या पायांजवळच्या. तिथे दूध जास्त असतं आणि नेमकी तीच जागा दणकट पोरं धरून बसतात. बाकी पाच जणांना पंधरा-वीस मिनिटं एका टोपलीत बाजूला ठेवा, सड हलकेच दाबून दुधाचा थेंब त्याच्या जिभेवर येऊ द्या, डोकं मागून नुसतं आधार देऊन धरा. दोन दोन तासांनी हे करायचं, रात्रीसुद्धा, घरात माणसं आहेत तर पाळ्या लावा.

अजून एक, मोबाइलचा टॉर्च लावून त्याचं तोंड उघडून टाळू बघा. टाळूला मधोमध चीर असेल तर दूध नाकातून येतं, मग ते पिल्लू घरच्या घरी सांभाळण्यातलं नाही. टाळू अख्खी असेल तर काल नाकातून आलं ते जबरदस्तीने पाजल्यामुळे. पण काहीही असलं तरी ते पिल्लू आज डॉक्टरला दाखवा, दूध छातीत गेलं असेल तर न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. डॉक्टर घरी येत असतील तर सगळ्यात उत्तम, ब्राउनीलाही बघतील. न्यायचंच असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून तिच्या शेजारी पिल्लू ठेवून खोक्यातून न्या, घोडबंदरचं ट्रॅफिक तुम्हाला मी सांगायला नको, कापूरबावडीला अडकलात तर रिक्षातल्या त्या ओल्या वाऱ्यात सगळी मेहनत पाण्यात.

पहिल्या दिवसाचं आईचं दूध म्हणजे चीक, गाईम्हशीच्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो तोच प्रकार, त्यातून पिल्लांना रोगांशी लढायची ताकद मिळते आणि ती फक्त पहिल्या २४ तासांत आतड्यातून आत शोषली जाते, त्यातही पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. तुमचं लहानगं परवापासून धड प्यायलेलंच नाही म्हणताय, म्हणजे त्याच्या वाट्याला चीक कमीच आला असणार. ती वेळ आता गेली. त्याला हात लावताना दर वेळी साबणाने हात धुवायचे, एवढं नक्की करा.

आता वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो ना, केक करायला आणलेला, तो काढा. वर एक स्टीलचा वाडगा, त्यात फडकं, शून्य करा आणि रोज एकाच वेळी सहाही जणांची वजनं. ओळखायला नखांवर नेलपॉलिशचा ठिपका, वेगवेगळ्या पायाला. गळ्यात दोरे बांधू नका, अडकतात. आकडे कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा, फ्रीजशेजारी लटकलेलं असतं तिथेच, मोबाइलमध्ये लिहिलेलं कोणी परत बघत नाही. पहिल्या दिवशी वजन थोडं उतरलं तर चालतं, दहा टक्क्यांपर्यंत, पण त्यानंतर रोज वाढलंच पाहिजे, साधारण पाच ते दहा टक्के, आणि आठ-दहा दिवसांत जन्मावेळच्या दुप्पट. पिल्लू गुबगुबीत दिसतंय, झोपलंय शांत, म्हणजे ठीक आहे असं समजून बसतात लोक. काटा एक दिवस आधी सांगतो. एखाद्याचं वजन एक दिवस नुसतं थांबलं तरी लक्ष, उतरलं तर फोन.

समजा लहानग्याचं वजन ऊब देऊन आईला लावूनही वाढत नाहीये, तरच बाहेरचं दूध, आणि ते गाईचं नाही. कुत्रीच्या दुधात फॅट साधारण नऊ टक्के असतं, प्रोटीन सात-आठ, आणि गाईच्या दुधात दोन्ही तीन-चार टक्क्यांवर, वर लॅक्टोज जास्त. म्हणजे पोट भरतं, पोषण होत नाही आणि जुलाब लागतात ते वेगळंच. पेट शॉपमध्ये पिल्लांसाठीचं मिल्क रिप्लेसर पावडर मिळतं ते आणून ठेवा. पहिल्या आठवड्यात १०० ग्रॅम वजनाला दिवसभरात १३ ते १५ मिली धरा, म्हणजे १५० ग्रॅमचं पिल्लू असेल तर दिवसाला २० मिली, दोन-तीन तासांनी थोडं थोडं वाटून, एका वेळी दोन-अडीच मिली. एवढंसंच? हो, एवढंसंच. त्याचं पोटच लिंबाएवढं पण नसतं. पाजताना पालथं, पोटावर, जसं आईला पितं तसं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं मांडीवर घेऊन पाजायचं नाही, सगळे तेच करतात. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शू-शीच्या जागी हलके हलके फिरवा, कारण पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःहून करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होतं. बाकीच्या पाचांचं ब्राउनी चाटून करतेय का तेवढं बघा. शू गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

एसीचं भांडण मिटवते. लावा. २७-२८ वर. पण पिल्लांचा खोका एसीच्या आणि पंख्याच्या झोताखाली नको, आणि खोक्याच्या एका अर्ध्या भागात ऊब पाहिजे, पहिल्या आठवड्यात पिल्लं असतात तिथे ३० ते ३२ सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला थोडं थोडं कमी. पिल्लांना लागतं ते आईला सहन होत नाही हा खरा घोळ आहे. ब्राउनी बाल्कनीच्या दाराशी जाते ती पिल्लं नकोत म्हणून नाही, तिला उकडतंय म्हणून, पावसामुळे तुमच्या खिडक्या बंद, हवा दमट, अंगावर स्पिट्झची लोकर, आणि व्यायल्यावर तिचं अंगही थोडं गरमच असतं. खोली गार झाली की ती आपणहून पिल्लांजवळ बसेल. तिला बांधून किंवा धरून खोक्यात बसवू नका.

ऊब कशाने द्यायची तर पूर्वी आम्ही सरळ ६० वॅटचा पिवळा बल्ब टांगायला सांगायचो. आता गंमत अशी होते की लोक बल्ब टांगतात आणि तो असतो एलईडी, उजेड भरपूर, उष्णता काहीच नाही, आणि सकाळी पिल्लं गार. त्यामुळे पाण्याच्या बाटल्या. रिकाम्या बिसलेरीच्या बाटलीत गरम पाणी, बूच घट्ट, जाड मोज्यात घालून वरून टॉवेल, खोक्याच्या एका बाजूला. तीन-चार तासांनी बदलायच्या. गार झालेली बाटली तशीच राहिली तर ती उलट पिल्लांची ऊब ओढून घेते हे लक्षात ठेवा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, एकमेकांवर ढीग करून चिकटून रडतायत म्हणजे थंडी, चार दिशांना पांगून तोंड उघडं टाकून पडलीत म्हणजे उकडतंय, एका ओळीत सैलसर झोपून मधेच पाय झटकतायत म्हणजे छान. झोपेत ते झटके येतात त्याला घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे.

खोका टीव्हीचा किंवा वॉशिंग मशीनचा, पुढची बाजू कापून एवढी खाली की ब्राउनी सहज ओलांडेल पण पिल्लू बाहेर येणार नाही. आत चारी कडांना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा म्हणजे ती टेकून बसली तर पिल्लू भिंत आणि पाठ यांच्या मधे चेंगरणार नाही. पहिलटकरणींकडून हे फार होतं, त्यांना कळतच नाही खाली कोण आहे. खाली नुसता पेपर नको, पाय घसरतात आणि पिल्लं बेडकासारखी पाय फाकवून सरपटायला लागतात. गोधडीही नको, दोऱ्यात नखं अडकतात, घडीखाली गुदमरतात. जुनी चादर ताणून खोक्याच्या तळाखाली खोचलेली बरी. आता या दिवसात कपडे वाळत नाहीत हा प्रश्न मला माहितेय, ओलसर टॉवेल म्हणजे परत गारठा. जांभळी नाक्याला स्वस्तातले पातळ पंचे मिळतात ते डझनभर आणा, टॉवेलपेक्षा लवकर वाळतात आणि शेवटी इस्त्री फिरवून कोरडे करता येतात. फिनाईल, डेटॉल खोक्याजवळ नको.

खालून जाणारं हिरवट काळं, त्याने घाबरू नका, तो वारेतला, म्हणजे प्लॅसेंटातला, रंग असतो, पहिला एखाद-दोन दिवस दिसतो, मग लालसर तपकिरी होतो आणि कमी कमी होत तीन-चार आठवडे, कधी सहापर्यंत जात राहतो. बघायचं ते वास. घाण वास आला, पू दिसला, ताजं लाल रक्त टपटप गेलं, किंवा ती अजूनही कळा दिल्यासारखी जोर लावतेय तर आत वार किंवा पिल्लू राहिलं असू शकतं, त्याच दिवशी सोनोग्राफी. वारा किती पडल्या मोजल्यात का? नसतील मोजल्या, कोणीच मोजत नाही, आणि ती खाऊनही टाकते, त्याने एक-दोन दिवस शी काळी पातळ होते. सकाळ संध्याकाळ तिचं टेंपरेचर घ्या, गुदद्वारातून, थर्मामीटरला व्हॅसलीन लावून. पहिले दोन दिवस १०२.५, अगदी १०३ पर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं, किंवा गार खोलीतही धाप थांबत नाही, खात नाही, पिल्लांना जवळ घेत नाही, तर थांबू नका.

आता कॅल्शियम. कोणी सांगितलं होतं विचारत नाही, मेडिकलवाला सांगतो, शेजारी सांगतात, प्रेमानेच सांगतात. होतं काय की दूध तयार करायला कॅल्शियम प्रचंड लागतं आणि ते शरीर हाडांमधून काढून रक्तात आणतं, हे काम मानेतल्या पॅराथायरॉइड नावाच्या ग्रंथी करतात. गाभणपणात तुम्ही बाहेरून रोज सिरप ओतलंत की त्या ग्रंथींना काही कामच उरत नाही, त्या सुस्तावतात. मग पिल्लं मोठी झाली, पान्हा वाढला, एकदम मागणी आली की त्यांना जागं व्हायला वेळ लागतो आणि रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येतं. छोटी चण, जास्त पिल्लं आणि आधीचं सिरप, ब्राउनीकडे तिन्ही आहे. याला मिल्क फीव्हर म्हणतात, डॉक्टर एक्लॅम्प्सिया म्हणतील, आणि हे बहुतेक वेळा व्यायल्यानंतर पहिल्या ते चौथ्या आठवड्यात येतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा सगळं सुरळीत चाललंय म्हणून घरातले निवांत झालेले असतात.

एक पॉमेरियन आठवते, रविवार संध्याकाळ, अठरावा दिवस, पाच पिल्लं. मालक फोनवर म्हणाले, मॅडम दुपारपासून धापा टाकतेय, उकाडा आहे ना, फॅनखाली ठेवलीय. मी विचारलं चालते कशी? म्हणाले जरा ताठ चालतेय, काठीसारखी. म्हटलं जशी आहे तशी घेऊन निघा. कळव्याहून येईपर्यंत रिक्षातच फिट आली. टेबलवर ठेवली तेव्हा टेंपरेचर १०६, चारी पाय ताठ, डोळे मोठे. कॅल्शियम शिरेतून द्यायचं पण अगदी थेंब थेंब, एका हाताने सिरिंज आणि कानाला स्टेथोस्कोप, कारण घाईने दिलं तर हृदय थांबतं. मालक शेजारी उभे, तिचं नाव घेत होते सारखं. पंधरा-वीस मिनिटांत पाय सैल पडले, मग तिने जीभ आत घेतली आणि त्यांच्याकडे बघितलं. पिल्लं चोवीस तास तिच्यापासून लांब ठेवली, रिप्लेसरवर. वाचली. पण तो दुपारपासूनचा फॅन मला अजून आठवतो.

त्यामुळे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, हे सांगून ठेवा: कारण नसताना बेचैन, सारखी उठबस, तोंड पंजाने किंवा गादीवर घासतेय, धापा, मग ताठ चाल, स्नायू थरथरतायत. यातलं सुरुवातीचं काही दिसलं तरी पिल्लं लगेच बाजूला काढायची आणि सरळ दवाखाना, तोंडातून काही पाजत बसायचं नाही, फिट आली तर ठसका लागेल. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता ते आजच शोधून नंबर फ्रीजवर लावा. सिरप आता चालू ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवू नका आणि मीही न बघता सांगणार नाही, आज डॉक्टर बघतील तेव्हा दोन महिन्यांचा डोस त्यांना सांगा, लपवू नका, ते ठरवतील.

सासूबाईंचे लाडू. त्यांना वाईट वाटू देऊ नका पण लाडू माणसांनी खा. डिंकाच्या लाडवात बऱ्याच घरी मनुका असतात, आणि मनुका-द्राक्षांनी कुत्र्याच्या किडन्या जाऊ शकतात, किती खाल्लं की जातील याचा काही नेम नसतो. वर जायफळ, तूप, साखर. ब्राउनीसाठी त्यांनाच सांगा की चिकन-भात शिजवा, कांदा लसूण मीठ मसाला काहीही नाही, हाडं काढून, सोबत उकडलेलं अंडं, जरासा लाल भोपळा. बाळंतिणीचं करायचा त्यांचा उत्साह वाया जायला नको. पण मुख्य जेवण पपी फूड, हो, पिल्लांचंच, कारण त्यात तिला लागणारं प्रोटीन, फॅट आणि कॅल्शियम मापात असतं, नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या दीडपट, दुसऱ्यात दुप्पट, तिसऱ्या-चौथ्यात तिप्पटसुद्धा खाईल, दिवसातून चार वेळा द्या, मागेल तेवढं द्या. जाडी होईल वगैरे विचार आत्ता नको. पाणी खोक्याच्या अगदी शेजारी पण पिल्लू पडेल असं नको. दूध पाजल्याने दूध येत नाही, पाण्याने येतं. ताक थोडं चालेल.

रोज एकदा प्रत्येक सडावर हात फिरवा. गरम, कडक, लाल-जांभळं, हात लावला की गुरगुरली, तर गाठ धरतेय, कोमट शेक आणि डॉक्टर. पिल्लांची नखं आठवड्याला एकदा टोकं तेवढी कापा, माणसाच्या नेलकटरने, ती नखं आईला ओरबाडतात आणि तिथूनच इन्फेक्शन शिरतं. नाळेच्या जागी दोन-तीन दिवस बीटाडीन.

सोसायटीतली पोरं बघायला येणार, तुमचं लिहिणं वाचून वाटतंय की येऊनही गेली असतील. पहिले दोन आठवडे नको. पहिलटकरीण बिथरली की पिल्लं तोंडात धरून जागा बदलत फिरते, कधी चावते, कधी पिल्लांनाच इजा करते. आणि चपला दाराबाहेर, पार्किंगमधून येणारा पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा व्हायरस, चपलेवरूनच येतो. ब्राउनीला शू-शीला खाली न्याल तेव्हा पाच-दहा मिनिटांत वर, इतर कुत्र्यांपासून लांब, आणि पाय व पोट पुसून मगच खोक्यात.

पुढचं भराभर सांगते. डोळे १० ते १४ दिवसांत उघडतील, आपण उघडायचे नाहीत, पण बंद पापणीखाली फुगलं तर पू असू शकतो, दाखवा. कान त्यानंतर थोड्या दिवसांत. तिसऱ्या आठवड्यात धडपडत चालायला लागतील आणि तुमची झोप खरी तेव्हा जाईल. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, मग चौथ्या, सहाव्या, आठव्या, डोस वजनावर, म्हणून कालनिर्णयचे आकडे घेऊन जा, आणि ब्राउनीलाही बरोबरच, कारण पिल्लं पोटात असतानाच आणि नंतर दुधातूनही जंत त्यांना जातात. गोचीड पिसवा दिसल्या तर मोठ्या कुत्र्याचा स्प्रे किंवा पावडर पिल्लांवर मारू नका, बारीक कंगव्याने काढा आणि विचारा. साडेतीन-चार आठवड्यांपासून पपी फूड कोमट पाण्यात भिजवून खिमट करून ताटलीत, पहिले दोन दिवस खाण्यापेक्षा त्यात लोळतीलच जास्त. सेरेलॅक बरेच जण देतात, एखाद दिवशी अडलं तर ठीक, त्यावर वाढवू नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची तीन महिन्यांना.

आणि कोणी कितीही मागे लागलं तरी आठ आठवड्यांच्या आत पिल्लू द्यायचं नाही. "लहानपणी नेलं की माया लागते" म्हणून महिन्याचं पिल्लू मागतात, आणि मग तेच पिल्लू सगळ्यांना चावतं म्हणून माझ्याकडे आणतात, कारण किती जोरात चावायचं नाही हे ते आईकडून आणि भावंडांकडूनच पाचव्या ते आठव्या आठवड्यात शिकतं. विकणाऱ्यांसाठी तर केंद्राच्या २०१७ च्या नियमांतही आठ आठवड्यांची अट आहे. ब्राउनीचं नसबंदीचं ऑपरेशन पिल्लं सुटून दूध आटलं की करून घ्या, दोन-तीन महिन्यांनी, पुढच्या माजाची वाट बघू नका.

आत्ता मात्र एवढंच करा, लहानग्याला टीशर्टच्या आत घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी काटा काढायला सांगा. रात्री नऊला सहाही वजनं लिहा आणि मला कळवा, लहानग्याचं सगळ्यात आधी, आणि ब्राउनीचं टेंपरेचर.